नातीच्या शाळेबद्दल थोडं सविस्तर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "नात धर्मादाय शाळेत? तीही घर सोडून?" आणि फोन आईकडे देऊन मोकळे झाले. म्हणून लिहायला बसलोय.

शाळेचं नाव क्राइस्ट्स हॉस्पिटल. दवाखाना नाही, घाबरू नका. इंग्लंडमधल्या हॉर्शम गावाच्या बाहेर आहे, इतकी मोठी की रेल्वे स्टेशनलाही तिचंच नाव आहे. आणि धर्मादाय म्हणाल तर ती आहेच, ४७० वर्षांपासून. आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले तेव्हा लंडनच्या गोरगरिबांचा उरलासुरला आधारही गेला, अनाथ पोरं रस्त्यावर आली. बिशप रिडलीच्या प्रवचनाने पोरसवदा राजा सहावा एडवर्ड हलला. महापौर रिचर्ड डॉब्सने व्यापाऱ्यांकडून वर्गणी उभी केली आणि न्यूगेटजवळच्या रिकाम्या मठात १५५२ च्या नोव्हेंबरात ३८० मुलं दाखल झाली. तान्ह्यांना खेड्यांत दायांकडे ठेवलं. पुढच्या जूनमध्ये राजाने सनदेवर सही केली आणि दोन आठवड्यांच्या आत तो गेला. पंधरा वर्षांचा होता.

आता गणवेश. आई, तू फोटो बघून हसलीस तो. पायघोळ निळा कोट, गळ्याला पांढऱ्या पट्ट्या, गुडघ्यापर्यंतची विजार आणि खाली हळदीसारखे पिवळेधमक मोजे. पिवळ्या रंगाने उंदीर लांब राहतात म्हणून तो निवडला, असं इथे सांगतात. खरं-खोटं राजा एडवर्ड जाणे, त्याचं मुंडकं कोटाच्या बटणांवर आहेच. निळं कापड तेव्हा स्वस्त, गरिबाच्या पोराचं. आज तोच कोट मुलं मिरवतात. कमरेला आधी अरुंद पट्टा, त्याला 'नॅरोई' म्हणतात. मोठं झालं की चांदीच्या बक्कलचा रुंद 'ब्रॉडी' मिळतो, आणि त्याची वाट बघण्यात वर्षं जातात. काही वर्षांपूर्वी मुलांनाच विचारलं, गणवेश बदलायचा का? बहुतेक सगळ्यांनी नको म्हटलं. शाळा तो फुकट देते. सगळे सारखेच दिसतात. कोणाची फी किती, हे बघणाऱ्याला कळत नाही. फी आई-बापांच्या उत्पन्नावर ठरते, काहींची तर काहीच नाही.

दुपारच्या जेवणाला बँड वाजतो आणि मुलं ओळीने, पावलं मिळवत जेवणघरात जातात. शाळा बघायला गेलो तेव्हा हे पाहिलं. नातीचे डोळे ट्रॉम्बोनवाल्या मुलीवर खिळले होते, माझे आतल्या भिंतीवरच्या चित्रावर. व्हेरिओ नावाच्या चित्रकाराचं, सुमारे ८६ फूट लांब! त्यात राजासमोर गणिताच्या शाखेची मुलं आहेत. ही शाखा दुसऱ्या चार्ल्सने १६७३ मध्ये काढली, ४० मुलांना गणित आणि नौकानयन शिकवून जहाजांवर पाठवायला. आरमाराचा कारभार बघणाऱ्या सॅम्युएल पीप्सने त्यासाठी खटपट केली होती. म्हणजे दानात देशाची सोयही पाहिली होती. मला ते गैर वाटत नाही.

कवी कोलरिज आणि चार्ल्स लॅम इथलेच, एकाच काळातले. लॅम पुढे ईस्ट इंडिया कंपनीत कारकून झाला, आपल्याकडच्या मालाचे हिशोब लिहीत बसला. पाण्यावरून उसळत जाणारा बॉम्ब बनवणारा बार्न्स वॉलिसही इथलाच. १९०२ मध्ये मुलगे लंडन सोडून इकडे आले. मुलींची शाखा हर्टफर्डला होती, ती १९८५ मध्ये इथे मिसळली. शेवटच्या वर्षाच्या मुलांना 'ग्रीशियन' म्हणतात. शाळा सोडताना प्रत्येकाला बायबल देतात आणि सांगतात, तुला जे मिळालं ते ऐपतीप्रमाणे पुढे दुसऱ्याला मिळू दे.

बाबा, धर्मादाय म्हटल्यावर तुम्ही बिचकावं याचं मला नवल वाटलं. साताऱ्याला कर्मवीरांच्या बोर्डिंगात तुम्ही कमरेइतक्या गवतात खुरपं घेऊन उतरायचात आणि तिथलंच जेवायचात. ते सांगताना तुमची मान कधी खाली गेलेली मी पाहिली नाही.

घर सोडण्याचं म्हणाल तर तिची आईही कुरकुरतेच आहे. त्या बाबतीत माझंही मन पक्कं नाही. पण परीक्षेला बसायचं नातीनेच ठरवलंय, आणि निकालाआधी कोणी काही ठरवायचं नाही असं आमचं ठरलंय. तोवर आत्याला सांगू नका, ती गावभर करेल.

आईने साखर तपासून आकडा कळवावा.

तुमचा,
सुहास