बिलिंगच्या कामाला गोरा रंग कशाला?

महोदय,

माझी पुतणी बी.कॉम. झाली, टॅली शिकली. गेल्या महिन्यात लातुरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये बिलिंग काउंटरच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. मॅनेजरने कागद नीट पाहिलेसुद्धा नाहीत. "समोर गिऱ्हाईक असतं, फ्रेश चेहरा लागतो. तुम्हाला मागे गोदामात घेता येईल," म्हणाला. वर कुरळे केस स्ट्रेट करून या, हेही सांगितलं. पोरगी घरी आली आणि कितीतरी वेळ बेसिनपाशी साबणाने तोंड घासत राहिली. मला ते बघवलं नाही.

पिढ्यान् पिढ्या उन्हातान्हात रानात राबलेली माणसं आम्ही. हा रंग लपवायचा कशासाठी? 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला, पण उजळ मुलीचा हट्ट काही सुटला नाही. स्थळं बघताना चालायचं ते आता नोकरीतही उघड बोललं जातं.

कृष्णवर्णीयांना जटांवरून, वेण्यांवरून कामावर नाकारलं जाऊ नये म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये 'क्राउन' कायदा केला. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे; त्वचेच्या रंगाचा स्वतंत्र उल्लेख नाही. समान संधीचं कलम १६ तर सरकारी नोकरीपुरतंच. मराठवाड्यातल्या आमदारांनी हा प्रश्न विधिमंडळात मांडावा. व्यापारी संघटनांनी निदान जाहिरातीतलं 'दिसायला आकर्षक' तरी काढावं.

पुतणीने केस सरळ केलेले नाहीत. ती दुसरीकडे अर्ज करते आहे.

– एक वाचक, लातूर