आपा, तिनं उंट काढलाच नाही

आपा, सलाम.

मस्कत सोडून आठ महिने झाले. पत्र लिहायचं रोज ठरायचं नि राहून जायचं. गेल्या आठवड्यात थोरलीनंच निमित्त दिलं. शाळेत सणांची चित्रं काढायची होती. ईदच्या पानावर वाळवंट नि उंट काढून आणा, असं सांगितलेलं. आमच्या बाईसाहेबांनी काढली बोट. बोटीत एक जीप, जीपशेजारी ओढणीवाली बाई. विचारलं तर तुमच्याबद्दल म्हणते, "खाला ईदला दाभोळला जाते ना! तिकडे उंट कुठून येणार? फेरीबोट येते."

आधी मी पोट धरून हसले. मग वाटलं, अरब वेगळे नि मुसलमान वेगळे, हे मला पस्तिशीपर्यंत धड उमगलं नव्हतं. ही दुसरीत आहे.

मस्कतमधल्या रुवीच्या त्या इमारतीत तुम्ही समोरच्या दारात नसतात, तर आमची पोरं मॉल आणि स्विमिंग पूल बघून परत आली असती. धाकट्याचा प्रश्न आठवतो? खालचे ओमानी काका नमाजाला हात खाली सोडून उभे राहतात आणि तुम्ही बांधून, मग चुकतंय कोण? मी त्याला गप्प करायला निघाले होते. तुम्ही पोळपाट बाजूला सारलात नि म्हणालात, "कोणीच नाही रे. ते इबादी पंथाचे, आम्ही कोकणी शाफई पंथाचे. तुझी आजी नि तुझी मामी पुरणपोळी एकसारखी करतात का?" तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. माझंही.

रमजान दरवर्षी अलीकडे का सरकतो, हे तुम्ही आमच्याच भिंतीवरच्या कालनिर्णयवर दाखवलंत. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. आम्ही अधिक मास घालून सण जागेवर आणतो, तुम्ही घालत नाही, म्हणून रोजे कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत. अधिक मास म्हणजे जावयाला अनारसे, एवढंच मला ठाऊक होतं.

आणि तो चिमणीचा रोजा! थोरलीनं हट्टानं धरला आणि दहा वाजताच साबुदाण्याची खिचडी मागितली. उपास म्हटल्यावर खिचडी हवीच, तिचं काय चुकलं? तुम्ही तिला शेजारी बसवून सांगितलंत, "रोज्यात पाणीसुद्धा नाही हो. पण लहान पोरांवर रोजा नाहीच, आणि तू तर चिमणी. चिमणीचा रोजा दुपारी सुटतो." जोहरची अजान झाली आणि तुम्ही तिच्या तळहातावर एक खजूर ठेवलात. तिनं तो पाच मिनिटं चघळला. बी अजून कंपासपेटीत आहे.

करनकशोला तुम्ही पोरांना सीबला ओळखीच्या ओमानी घरी नेलंत. अर्ध्या रमजानची रात्र, इफ्तार उरकलेला, गळ्यात पिशव्या अडकवून पोरांचा घोळका दारोदार गात चाललेला: लोक हो, थोडा हलवा द्या. धाकट्याला तिथल्या पोरानं आपली कुम्मा टोपी घातली. ती नाकापर्यंत आली तरी तो काढेना. परतताना तुम्ही म्हणालात, "हे आमच्याकडे दाभोळात कोणाला ठाऊक नाही. हे धर्माचं नव्हे, ह्या मुलखाचं. आमच्या गावची पोरं शिमग्याला मागतात तसंच की!" त्या घरचा हलवा मात्र पोरांना पचनी पडला नाही. गाजराचा असेल म्हणून घास घेतला, तर केशर-गुलाबपाण्याचा तो थुलथुलीत गोळा चमच्यावर हलायला लागला.

अरबी आकडे शिकवताना झालेली गंमतही सांगते. पाचाचा आकडा म्हणजे आपलं शून्यच. वाण्याच्या दुकानातली पाटी वाचून धाकटा ओरडला होता, "आई, केळी फुकट!" अरबीत त्या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तो दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होता. आता इथल्या पाहुण्यांना तो दुकान, खुर्ची, हिशेब हे सगळे शब्द अरबीतून आल्याचं सांगत सुटतो. काहींना आवडतं, काहींना नाही. मी त्याला अडवत नाही.

काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पुरे झाला की तिचा छोटा पेला, फिंजान, हलवून परत द्यायचा, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलंय की दुधाचा पेलाही हलवून माझ्या हातात देतो. उजव्या हातानं. माझ्या सासूबाईंना वाटलं, पोराच्या हाताला कंप सुटलाय.

आपा, तुम्ही शिकवण्या घेत नव्हतात. चपात्या लाटता लाटता बोलायचात. मी सगळं ऐकत होते आणि कधी धड आभार मानले नाहीत. आज मानते. मनापासून.

मे महिन्यात दाभोळला याल तेव्हा कळवा, आम्ही येतो. पोरांना फेरीबोटीत बसायचंय. आणि जमलं तर मत्राहच्या सूकमधून, बाजारातून, थोडा लुबान धूप आणा, आमचा संपत आला.

तुमची,
समोरच्या दारातली