केसपेपरला कुलूप कोण लावणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वे लाईन्सपासून होटगी रोडपर्यंत सोलापुरातले बहुतेक दवाखाने आता केसपेपर संगणकावर काढतात. धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूरहून आलेल्या पेशंटचे नाव, मोबाईल, आधार, निदान आणि बिल एकाच सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसते. शहर चार जिल्ह्यांचा दवाखाना झाले याचा आपल्याला अभिमान आहे. पण या नोंदी फुटल्या तर काय होते, हे पाहायला फिनलंडकडे बघावे लागेल.

तिथे ‘वास्तामो’ नावाची मानसोपचार केंद्रांची खासगी साखळी होती. २०१८ च्या अखेरीस तिचा डेटाबेस चोरीला गेला. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस चोराने कंपनीकडे ४० बिटकॉईन मागितले. कंपनी बधेना, तेव्हा त्याने रोज शंभर रुग्णांच्या नोंदी टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवर टाकायला सुरुवात केली आणि पुढे थेट रुग्णांनाच ईमेल पाठवले: २४ तासांत २०० युरो द्या, नाही तर ५०० द्यावे लागतील. सुमारे ३३ हजार लोकांच्या नोंदी त्यात होत्या. नवऱ्याला, आईला न सांगितलेले जे थेरपिस्टला सांगितले होते, ते सगळे.

या चोरीला फार मोठी अक्कल लागली नव्हती. मायएसक्यूएल डेटाबेसचे पोर्ट, म्हणजे आत शिरायचे दार, इंटरनेटला उघडे होते आणि ‘रूट’ या मुख्य युजरला पासवर्डच नव्हता. कंपनी फेब्रुवारी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली, डिसेंबरमध्ये ६ लाख ८ हजार युरोंचा दंड झाला, आणि आरोपीला एप्रिल २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. त्याने गडबडीत सगळ्या नोंदींबरोबर स्वतःच्या संगणकाचे होम फोल्डरही अपलोड केले होते. तपासाला त्याचा उपयोग झाला. रुग्णांना मात्र काय उपयोग? ती फाईल काढून टाकेपर्यंत लोकांनी उतरवून घेतली होती.

आता आपल्याकडे या. स्वस्त ब्रॉडबँडवर बहुधा स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवर थेट दिसणारा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे छोटा दवाखाना नकळत थोडा झाकलेला असतो. धोका सुरू होतो तो ‘डॉक्टरांना घरून रिपोर्ट दिसले पाहिजेत’ या मागणीतून. मग स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घेतला जातो, आणि सॉफ्टवेअर बसवणारा मुलगा राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून (बाहेरून थेट आतल्या संगणकापर्यंत वाट काढून) मोकळा होतो. हे तपासणे अवघड नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ हे पान उघडा. तिथे ३३०६ (मायएसक्यूएल), १४३३ (एसक्यूएल सर्व्हर), ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी काढून टाका. मग मोबाईलचे वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून आपल्याच आयपीवर ही पोर्ट उघडतात का, ते पोर्ट तपासणाऱ्या ॲपने पाहा. आतून तपासले तर सगळे ठीकच दिसते, तिथेच फसगत होते. घरून पाहायचेच असेल तर व्हीपीएन (पासवर्ड असलेली खासगी, बंदिस्त जोडणी) लावा. बऱ्याच मध्यम किमतीच्या राउटरमध्ये ती सोय असते. डेटाबेसच्या युजर यादीत होस्टच्या रकान्यात टक्क्याचे चिन्ह (%) असेल, तर तो युजर कुठल्याही संगणकावरून आत येऊ शकतो. तिथे फक्त ज्या संगणकांना गरज आहे त्यांचेच पत्ते हवेत.

सीटी-एमआरआयच्या प्रतिमा साठवणारा पॅक्स सर्व्हर याहून वाईट. त्याची डायकॉम ही जुनी पद्धत मुळात पासवर्ड विचारत नाही; समोरच्या मशीनने सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवते. म्हणून तो सर्व्हर बाहेर उघडायचाच नाही. लॅबवाल्यांनी एसएमएसमध्ये येणारी रिपोर्टची लिंक एकदा नीट वाचावी. तिच्या शेवटी साधा अनुक्रमांक असेल आणि त्यात एक मिळवल्यावर दुसऱ्याचा रिपोर्ट उघडत असेल, तर लॅबला कुलूपच नाही. सपोर्टसाठी एनीडेस्कला (लांबून संगणक चालवायच्या सॉफ्टवेअरला) कायमचा पासवर्ड देऊन ठेवणे हीही तीच गत. सॉफ्टवेअर कंपनीतला माणूस नोकरी सोडतो, पासवर्ड तोच राहतो.

पण फक्त बाहेरचा चोरच नव्हे, आतली नजरही नोंदी फोडते, आणि इथे फिनलंडचाच दुसरा प्रकार सांगण्यासारखा आहे. तिथल्या एका सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेवर त्याच रुग्णालयात एचआयव्हीचे उपचार चालू होते. सहकाऱ्यांनी आपली फाईल पाहिली, असा तिला संशय आला. कोणी पाहिली ते सिद्ध होईना, कारण प्रणाली फक्त शेवटच्या पाच वेळांची नोंद ठेवत होती, तीही व्यक्तीची नव्हे, विभागाची. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने १७ जुलै २००८ रोजी फिनलंडला दोषी धरले. फाईल कोणी पाहिली हे सांगता न येणे हेच मुळी गोपनीयतेचे उल्लंघन, असा त्याचा अर्थ. आज तिथला रुग्ण आपली नोंद कोणी उघडली याचा तपशील मागू शकतो. गंमत म्हणजे याच देशात दर नोव्हेंबरला लोकांचे करपात्र उत्पन्न जाहीर होते आणि वर्तमानपत्रे श्रीमंतांच्या याद्या छापतात. कमाई उघडी, आजार झाकलेला. आपल्याकडे बरोबर उलटे.

आपल्याकडच्या काउंटरवर ‘रिसेप्शन’ नावाचे एकच लॉगिन असते, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, आणि तीन पाळ्यांतले सगळे त्यावरच बसतात. अशा ठिकाणी लॉग (कोणी कधी काय उघडले याची नोंद) असूनही नसल्यासारखा. प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन द्या, पाच मिनिटांनी स्क्रीन आपोआप लॉक होऊ द्या, बिलिंगच्या माणसाला निदान दिसू देऊ नका, आणि कोणी काम सोडले की त्याच संध्याकाळी लॉगिन बंद करा. सर्व संगणकांची घड्याळे इंटरनेटवरून जुळवलेली हवीत. एका यंत्रात अकरा आणि दुसऱ्यात सव्वाअकरा वाजले असतील तर लॉगवरून काहीही सिद्ध होत नाही.

बॅकअपची हार्ड डिस्क चोवीस तास सर्व्हरला जोडलेली असते, हा आणखी एक प्रकार. रॅन्समवेअर (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आले की तीही लॉक होते. दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक नेहमी सुटी ठेवा आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर बॅकअप खरोखर परत उघडून पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, तेव्हा तिथे पुन्हा कागद-पेनावर काम करावे लागले होते.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. मानसिक आरोग्य आणि एचआयव्ही या दोन्हींसाठी २०१७ चे कायदे आहेत, त्यांत गोपनीयता स्पष्ट लिहिलेली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू होतील आणि सुरक्षेतल्या हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड आहे.

रुग्णांनीही थोडे अडून बसावे. जनआरोग्य योजनेसाठी आधार लागते ते ठीक, पण साध्या ओपीडीला झेरॉक्स कशाला? द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड’ आधार द्या, झेरॉक्सवर कारण आणि तारीख आडवी लिहा. फिनलंडने तर जानेवारी २०२४ पासून नुसते नाव आणि ओळख क्रमांक जुळला म्हणून माणसाची ओळख पटली असे धरायला बंदी केली. धमकीचा मेसेज आलाच तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.

महापालिकेचा आरोग्य विभाग नर्सिंग होमची नोंदणी नूतनीकरण करताना अग्निशमनाचा दाखला आणि जैववैद्यकीय कचऱ्याची कागदपत्रे पाहतो. त्याच फाईलमध्ये आणखी एक कागद मागावा: बाहेरून उघडी असलेली पोर्ट, चालू लॉगिनची नावे आणि बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला ती तारीख. खाली डॉक्टरांची सही हवी, सॉफ्टवेअरवाल्याची नको.

— एक रुग्णालय-संगणक तंत्रज्ञ, जुळे सोलापूर