ओळ संपेपर्यंत थांबलेल्या मशीनवाल्या काकांना

मशीनवाले काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन बटणांचा आहे, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलंच तर नातवामार्फत पोचेल. तो बारावीला आहे म्हणाला होतात, त्यालाच वाचून दाखवायला सांगा. तुमचं नाव-गाव मी लिहीत नाही, कारण जिना उतरताना तुम्हीच बजावलंत, "ताई, नंबर कुणाला देऊ नका. आहेत तीच कामं उरकत नाहीत." दिला नाही. शेजारच्या वहिनी रुसून बसल्या आहेत, तरी दिला नाही.

मजुरीचे अडीचशे आणि दोन सुयांचे वेगळे, एवढेच घेतलेत. वर शंभराची नोट दिली तर नको-नको करत घेतलीत, आणि संध्याकाळी ती मला शिलाई मशीनच्या खणात सापडली. बॉबिनखाली नीट घडी करून ठेवलेली. अजून तिथंच आहे. पैशांनी हे फिटायचं नाही एवढं कळलं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही आलात तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत टेकायलाही जागा नव्हती. तुम्ही काही विचारलं नाहीत, पण ती कसली जत्रा होती ते आज सांगते. भाचीचं बाळ तीन आठवडे आधीच आलं. बारसं बाराव्या दिवशी, आणि तुम्ही आलात तो आठवा दिवस. खणाची कुंची मावशीआजीनं शिवायची, हे बहिणीनं मला न विचारताच सगळ्या व्याह्यांना सांगून टाकलेलं. खण कापून ठेवला होता, त्याला आतून लावायचं अस्तर कापून ठेवलं होतं, आणि पुढे काही होत नव्हतं. दिवाणावर दुपट्यांसाठी आणि झबल्यांसाठी फाडलेली बहिणीची जुनी सुती साडी. तान्ह्या अंगाला कोरं कापड टोचतं, त्याला वीस वर्षं धुतलेलं लुगडंच लागतं. जमिनीवर पसरली होती ती मुलासाठीची गोधडी. वर-खाली सासूबाईंच्या नऊवारी, मध्ये जुन्या चादरी. मुलगा स्टुटगार्टला शिकतो. त्याच्या वर्गातली एक मुलगी २० डिसेंबरला परत जाणार होती, आणि तिच्या तेवीस किलोंतले दोन किलो मी महिनाभर आधी मागून ठेवले होते. गोधडीला मधला धावदोरा मी हातानेच घालते, कड तेवढी मशीनवर. (कडसुद्धा हातानेच घालावी म्हणणाऱ्या बायका आहेत. त्यांना माझा नमस्कार. त्यांच्या गोधडीला विमान गाठायचं नसतं.) खुर्चीवर मैत्रिणीच्या मुलीच्या रुखवतासाठी घेतलेलं क्रोशाचं तोरण, एकवीस पानांतली नऊ झालेली. आणि माझ्या मांडीवर सासऱ्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन जानेवारीत होतं आणि त्यांनी आधीच सांगितलं होतं, की चांदीचं तबक वगैरे काही आणू नका, छातीला ऊब येईल असं काहीतरी करा.

"एवढं सगळं एकदम कशाला अंगावर घेतेस?" असं मला जो येतो तो विचारतो. आणि उठताना हळूच पिशवीतून साडी काढतो. म्हणजे काढते. "जाता जाता एवढा फॉल लावून दे गं." जिच्या घरात मशीन, तिच्या घरात वेळ पोत्यानं भरून ठेवलेला असतो, अशी लोकांची पक्की समजूत आहे.

तर ऐन या गर्दीत मशीन टाके सोडायला लागलं. आईनं १९७८ साली घेतलेलं पायमशीन आहे ते. मी नंतर मोटर बसवून घेतली, पण चाक आणि अंगावरची सोनेरी नक्षी तीच. चार टाके नीट, पाचवा गायब. खणावर तर नुसती भोकं पडायची.

तुमच्या आधी तिघं झाले. पहिल्यानं मशीनचं डोकं काढून दुकानात नेलं, आठ दिवस ठेवलं, साडेआठशे घेतले आणि होतं तसंच आणून दिलं. मी शिवून दाखवलं तर म्हणाला, "घरगुतीच काम ना? चालवून घ्या." दुसरा तीन दिवस फोनवर "निघालोच" म्हणत होता. अजून निघतोय. तिसरा आला मात्र वेळेवर. झाकण न उघडता, उभ्या-उभ्याच म्हणाला, "काकू, हे भंगारात द्या. बारा हजारांत नवीन येतं, मीच आणून देतो." हे तो ज्या मशीनवर कोपर टेकून म्हणाला, त्याच मशीनवर माझे शाळेचे सगळे फ्रॉक शिवले गेलेत. बरं, मशीन म्हातारं झालं असेल हे मी मान्यही केलं असतं. पण मी काय शिवते, कशावर टाका सुटतो, केव्हापासून सुटतो, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नाही.

तुम्ही आलात त्या एम-एटीवर, कानांना पंचा बांधून. पाणी प्यायलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "काय काय शिवता?" मग सुई काढून उजेडात धरलीत आणि हसलात. ती कारखान्याच्या मशीनची सुई निघाली, गोल दांडीची. घरगुती मशीनची सुई दांडीला एका बाजूनं सपाट असते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण साडेआठशे घेतलेल्या माणसानं घातलेली सुई बघायची असते, हे कुणाच्या डोक्यात येतं! मग खालचा दोरा धरणाऱ्या शटलच्या घरातून तुम्ही चिमट्यानं गोधड्यांचा भुगा काढलात. वर्षानुवर्षांचं तेल पिऊन त्याचा चक्क नमदा झाला होता. चाक हातानं सावकाश फिरवून मला दाखवलंत: सुई तळाला जाऊन वर यायला लागली की दोऱ्याचा इवलासा फास सुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक तो फास उचलतं. केसभर मागे-पुढे झालं की टाका गेला. चाळीस वर्षं शिवतेय मी काका, पण तो फास पहिल्यांदा पाहिला.

पण हे पत्र त्या सुईसाठी नाही लिहीत.

तुम्ही आत हात घालून बसला होतात तेव्हा मी खिडकीशी विणत होते. मोकळे हात मला खातात. नऊ नंबरच्या सुया, ११६ टाके, आणि पाठीवर चार वेण्या. वेणीची ओळ दर आठव्या ओळीला येते. तीन टाके तिसऱ्या बारक्या सुईवर काढून पुढे लोंबते सोडायचे, मागून पुढचे तीन विणायचे, मग लोंबणारे तीन. तेवढ्या वेळात दार वाजलं, फोन आला, कुणी "अगं" म्हटलं, की ती बारकी सुई निसटते आणि टाके खाली धावत सुटतात. माझी दुसरी वेणी चालू होती. तोंडानं आकडे मोजत होते. तुमचं काम झालं, तुम्ही वळलात आणि म्हणालात, "ताई..."

आणि गप्प झालात.

मला वाटलं, काहीतरी पडलं तुमच्या हातातून. मान वर केली नाही, कारण करता येत नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तेवढे तुमचे पाय दिसत होते, हललेले नव्हते. तिसरी वेणी झाली. मधले साधे टाके झाले. चौथी झाली. शेवटचा टाका या सुईवरून त्या सुईवर आला, तेव्हा मी वर पाहिलं. तुम्ही तसेच उभे होतात. हातात तेलाचा डबा आणि त्याच्या चोचीवर अंगठा दाबून धरलेला, खाली गोधडीवर थेंब पडू नये म्हणून.

"झाली ओळ?" तुम्ही विचारलंत.

"झाली."

"आई विणायची माझी. मध्ये बोललं की सुई उगारायची." एवढंच बोललात आणि मग म्हणालात, "या आता, चालवून बघा."

पाचेक मिनिटं लागली असतील त्या ओळीला. काका, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत. माझं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. नवरा सोन्यासारखा आहे, पण त्याची किल्ली नेमकी माझ्या अकराव्या टाक्याला हरवते. मुलगा तिकडून फोन करतो तो वेणीवरच. सासरे तर ज्यांच्यासाठी स्वेटर विणला जातोय ते, तेच चष्मा कुठे ठेवला विचारतात. कुणाचाच राग नाही. त्यांच्या लेखी मी नुसती बसलेली असते. स्वयंपाक करत असले तर कुणी पातेलं हातातून काढून घेत नाही. विणत असले तर हाक मारायला कुणाला काही वाटत नाही. आणि घड्याळाच्या काट्यावर, तासाच्या हिशेबानं पोट भरणारा, तीन घरं अजून बाकी असलेला एक परका माणूस तेलाचा डबा धरून उभा राहिला. तुम्ही निघून गेल्यावर मी आत जाऊन चूळ भरायच्या निमित्तानं पाच मिनिटं मोरीत उभी होते.

तेव्हापासून अशी माणसं मला उगाच आठवत राहतात. पीएमटीत एक कंडक्टर होते, म्हातारा माणूस सीटवर टेकल्याशिवाय घंटीच्या दोरीला हात लावायचे नाहीत, मागून कितीही ओरडा होवो. बँकेत माझ्या आईला शेवटी-शेवटी सहीला फार वेळ लागायचा. खिडकीपलीकडची बाई तोवर शिक्का शाईत उगाच घोळवत बसायची, आपलंच काम अडलंय असं दाखवत. या लोकांना कुणी पुरस्कार देत नाही आणि दिला तर त्यांना तो कशाबद्दल तेही कळायचं नाही.

त्या चिंधीबद्दल लिहायचं राहिलंच. तुम्ही गेल्यावर मशीनच्या कापड धरणाऱ्या दाबाखाली मांजरपाटाचा हातभर तुकडा दिसला. त्यावर ओळीनं चार शिलाया आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीनं लिहिलेलं: सुई ११, झबलं. सुई १४, खण. सुई १६, गोधडीची कड, टाका मोठा. चौथीपुढे नुसतं 'कच्ची'. मी पाणी देताना जी बडबड केली होती ती सगळी तुम्ही ऐकली होती तर! तो तुकडा मी मशीनच्या वर खिळ्याला अडकवलाय आणि सुई बदलताना रोज बघते.

कुंची त्याच रात्री साडेअकराला संपली. बारशाला बाळानं ती घातली आणि नाव ठेवेपर्यंत ढाराढूर झोपून राहिलं. बहिणीनं सगळ्यांना सांगितलं की कुंची आमच्या ताईची, आणि पाठोपाठ दोन बायकांनी माझा पत्ता विचारला. गोधडी २० तारखेला विमानात बसली. मुलाचा फोटो आला, गोधडी अंगावर घेऊन नव्हे, खुर्चीवर टाकून तिच्यावर बसून पिझ्झा खाताना. असो.

स्वेटरला शेवटी एक गुंडा कमी पडला. रविवार पेठेत गेले, बॉटल ग्रीनच दिला, पण लॉट वेगळा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखा दिसतो आणि उन्हात नेला की वेगळा. मग नवी लोकर फक्त गळ्याच्या आणि हात घालायच्या जागेच्या पट्टीला वापरली. आता जो तो म्हणतो, वा, काठ मुद्दाम गडद घेतलास का? मी हो म्हणते.

आणि एक कबुली द्यायची आहे. तुम्ही थांबला होतात ना, त्याच ओळीत माझी चूक झाली. चौथ्या वेणीचे तीन टाके पुढे सोडायचे ते मागे सोडले. वेणी उलट्या बाजूला वळली. आठ ओळी पुढे गेल्यावर, पुढची वेणी घालताना दिसलं. एकतीस वर्षांत कुणी आपल्यासाठी गप्प उभं राहिलेलं नाही, सवय नव्हती, बोटं गडबडली असणार. नीट करता आली असती. पूर्ण उसवायचीही गरज नव्हती, तेवढेच सहा टाके खाली सोडून क्रोशाच्या सुईनं पुन्हा वर उचलायचे. उचलले नाहीत. परवा सासरे तो घालून पाटावर बसले होते, ओवाळायला बायका जमल्या होत्या, आणि मी मागच्या बाजूला उभी राहून ती एक उलटी वेणी बघत होते.

तोरणाची चौदा पानं झालीत, लग्न माघात आहे.

तुमच्यासाठी कानटोपी विणायला घेणार आहे. एम-एटीवर तो पंचा पुरत नाही, आलात तेव्हा कान लाल झाले होते. डोक्याचा घेर दोऱ्यानं मोजून नातवाला कळवायला सांगा. माझ्याकडे तुमच्या आधी पाच जण रांगेत आहेत, पण तुमचा नंबर दोन करते.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची ताई