चंद्रीचा राग धरू नका, आप्पा

ती. आप्पा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा आप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "लेबनानात लोकांच्या शेळ्यांना इंजेक्शनं देत होतास, नि घरची म्हैस विकतोस?" आणि फोन आईकडे दिला. तेव्हापासून तेच कानात घुमतंय. पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला पुरतं बोलूच देत नाही.

व्यवहार झालाय. विसार घेतलाय, आता शब्द फिरवत नाही. पण चंद्री बाजारात नाही गेली, देसूरच्या दाजींकडे जातेय. वाटेल तेव्हा बघून या. पैशासाठी केलं नाही हो. मागल्या महिन्यात शेणावरून पाय घसरला, तेव्हा तुम्हाला उचलायला शेजारची पोरं आली. मी पुण्यात. रात्रीची गाडी धरली तरी पोचायला सकाळ.

लेबनानचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. इब्ल अस-साकीचा आमचा यूएन शांतिसेनेचा तळ आठवला की अजून जीव तिकडं ओढतो. तळाबाहेर ऑलिव्हची झाडं, समोर जबल अल-शेख, 2814 मीटर. खाली ऊन तापायला लागलं तरी माथा पांढरा. म्हाताऱ्याचा डोंगर, असंच म्हणायचे त्याला. 1998 पासून आपल्या पलटणी आळीपाळीनं तिथं येत गेलेल्या, त्यामुळं पोराटोरांनाही 'नमस्ते' यायचं. आम्हाला सगळे 'हिंदी' म्हणायचे. इथं आपण मराठी की कानडी हे भांडण मिटेना, तिथं एका शब्दात मिटलं. नाश्त्याला लबने मिळायचं, म्हणजे आपला चक्काच, वर ऑलिव्हचं तेल.

एकदा एका म्हाताऱ्याची शेळी अडली. करडाचे मागचे पाय आधी आलेले. डॉक्टरसाहेब दुसऱ्या गोठ्यात. मीच हात घातला, तुम्ही शिकवलेलं तसं: कळ आली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. करडू बाहेर आलं तर श्वास नाही. मग तुमच्यासारखीच गवताची काडी नाकात फिरवली. शिंकलं! म्हाताऱ्यानं माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला, मग कडू कॉफी. त्याचा मुलगा परदेशी होता, शेळ्या विक म्हणून मागं लागलेला. मी म्हाताऱ्याच्या बाजूनं बोललो होतो, आप्पा. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

दूध दाजींचा पोरगा रोज सकाळी आणून देईल, चंद्रीचंच. आई, सायीचं तूप तुझं तू कढव, पण चुलीपुढं उकिडवं बसायचं नाही, गॅसवर. गोठ्यात दिवा लावलाय तो काढू नका. आप्पा, साखरेची गोळी जेवणाआधी. "विसरलो" चालणार नाही, मी आईला विचारणार. काठी दारामागं ठेवायला आणलेली नाही.

माडीवरच्या ट्रंकेत माझी निळी टोपी आहे, तिच्यात डांबरगोळ्या टाक आई.

टेम्पो रविवारी सकाळी येईल. मी शनिवारी दुपारीच पोचतो. सांजेची धार आप्पांनीच काढायची, स्टुलावर बसून. चरवी मी धरतो.

तुमचा,
बाळू