जहाजाचं तोंड कुणीकडे?

महोदय,

सुट्टी लागली की आपल्या पत्रांच्या सदरात ‘मुलांचे कॉम्प्युटर गेम बंद करा’ अशी पत्रं येतात. गेल्या मे महिन्यापर्यंत मीही त्याच मताचा होतो.

मी एसटीत ३१ वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी कसारा घाटात. नातू यंदा दहावीत. तो ‘सायलेंट हंटर’ मालिकेतला २००५ सालचा पाणबुडीचा खेळ खेळतो. एकदा पाहिलं तर अर्धा तास पेरिस्कोपमधून एकाच जहाजाकडे टक लावून बसलेला. धडाधड काही नाही. मला वाटलं, कॉम्प्युटर अडकला. तर म्हणे, ‘‘आजोबा, थांबा, कोन काढतोय.’’

जहाजाच्या नाकाची रेघ आणि जहाजाकडून आपल्याकडे येणारी रेघ, यांतला हा कोन. नाक थेट आपल्याकडे असेल तर शून्य, जहाज आडवं असेल तर ९०, पाठ करून चाललं असेल तर १८०. तो चुकला की नेम चुकला, कारण टॉर्पेडो, म्हणजे पाणबुडीतून जहाजावर सोडायचा पाण्याखालचा बॉम्ब, काही बंदुकीची गोळी नव्हे. ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. आमची लाल गाडी बरी! हजार मीटर जायला त्याला पासष्टेक सेकंद लागतात. तेवढ्यात ८ नॉटने चाललेलं जहाज अडीचशे मीटरहून जास्त सरकलेलं असतं. मग ते कुठल्या दिशेला सरकणार, हे आधी कळायला नको?

नातवाची रीत अशी. जहाज १५० मीटर लांब आणि डोलकाठी ३० मीटर उंच, म्हणजे पूर्ण आडवं असताना लांबी उंचीच्या पाचपट दिसणार. अडीचपटच दिसली तर निम्मी, साइन ०.५, कोन ३०. मी म्हटलं, किंवा १५०! पाठ करून तिरकं चाललेलं जहाजही तेवढंच लांब दिसतं. घाटात रात्री पुढची गाडी येतेय की जातेय, हे आम्ही दिव्यांच्या रंगावरून ओळखायचो. युद्धातली जहाजं दिवे मालवून चालतात, तेव्हा नाकाशी फुटणारा फेस बघ. पोरगा गप्प झाला.

खरी गंमत आडव्या जहाजाची. ७५ अंशाला लांबी ४.८३ पट दिसते, ९० ला ५. पंधरा अंशांची चूक आणि डोळ्याला फरक कळत नाही. तिथे तो नजरेचा नाद सोडतो. काही मिनिटांच्या अंतराने जहाजाच्या दोन जागा नकाशावर मांडतो, रेघ ओढतो आणि कोनमापक लावतो. पहिल्या महायुद्धात १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर काळेपांढरे वेडेवाकडे पट्टे रंगवायची युक्ती काढली, तीही याचसाठी. जहाज लपवायचं नव्हतं, तोंड कुणीकडे आहे याचा अंदाज बिघडवायचा होता.

साइनचा तक्ता या पोराने शाळेत पाठ केला होता आणि परीक्षेनंतर विसरला होता. आता ६० चा साइन झोपेतही सांगतो. (सकाळी लवकर मात्र अजून उठत नाही.)

म्हणून सरसकट बंदीची पत्रं छापताना आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी असं एखादं जहाजही छापा. लांबी आणि उंची द्या, कोन विचारा. फक्त चित्रकाराला नाकाशी फेस काढायला सांगा, नाहीतर ३० म्हणणारेही बरोबर ठरतील आणि १५० म्हणणारेही.

– एक निवृत्त एसटी चालक, सिडको, नाशिक