नाविकांच्या खिशातले डाँग आणि शून्यांचा घोळ

संपादक महोदय,

विमानवाहू नौका परदेशी बंदरात लागली की बातम्यांत विमानं, तोफा आणि मुत्सद्देगिरी येते. किनाऱ्यावर उतरलेल्या नाविकाचे पैसे चुकले, तर ‘स्थानिकांनी लुटलं’ म्हणून विषय मिटवला जातो. लबाडी करणारे असतातच. पण बराचसा दोष नोटांच्या रचनेचा आणि त्या वाचण्याच्या सवयीचा असतो.

अमेरिकेची ‘कार्ल विन्सन’ मार्च २०१८ मध्ये व्हिएतनामच्या दा नांगला आली. व्हिएतनाम युद्ध संपल्यानंतर अमेरिकी विमानवाहू नौका तिथं पहिल्यांदाच येत होती. तेव्हा डॉलरला तिथल्या चलनाचे, म्हणजे साधारण २२,७०० डाँग मिळत. २० हजारांची नोट निळी, ५ लाखांचीही निळसर. दोन्ही पॉलिमरच्या (प्लास्टिकच्या), दोन्हींवर व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह. पहिलीची किंमत ८८ सेंट, दुसरीची २२ डॉलर! १० हजार आणि २ लाखांच्या तपकिरी नोटांतही असाच घोटाळा होतो. डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या, त्यामुळे लांबीवरून नोट ओळखायची सवय अमेरिकी नाविकाला नसते. ५ लाखांची नोट २० हजारांच्या नोटेपेक्षा जेमतेम दीड सेंटिमीटर लांब. संध्याकाळच्या उजेडात तेवढं कुणाच्या लक्षात येणार? त्यापेक्षा नोट उलटावी. होई आन शहरातला छपराचा पूल दिसला तर २० हजार, हो चि मिन्ह यांचं जन्मघर दिसलं तर ५ लाख.

दुसरा घोळ टिंबाचा. तिथं हजारांनंतर स्वल्पविराम नसतो, टिंब असतं. ‘५०.०००’ म्हणजे पन्नास हजार. डॉलरवाला ते पन्नास वाचतो. त्यात कित्येक मेन्यूकार्डांवर आणि टॅक्सीच्या मीटरवर शेवटची तीन शून्यं गाळलेलीच असतात. डॉलर पुढे केले, तर दुकानदार आपल्या सोयीचा दर लावतो आणि सुटे डाँगमध्ये देतो, म्हणजे हिशेब दोनदा चुकायची सोय.

आपल्या नौदलाला हे परकं नाही. आपली विमानवाहू ‘विक्रमादित्य’ जानेवारी २०१६ मध्ये कोलंबोला आणि फेब्रुवारीत मालदीवच्या मालेला गेली. कोलंबोतही रुपयाच, पण आपल्या एका रुपयाला तिथले दोनहून थोडे जास्त मिळत. मालेचा रुफिया मात्र आपल्या सव्वाचार-साडेचार रुपयांचा होता. तेव्हा कोलंबोत ऐकलेली किंमत निम्मी करायची, मालेत चौपटीहून जास्त. महिन्याभरात गणित उलटं! नाव ओळखीचं असलं की माणूस हिशेबच करत नाही, म्हणून डाँगपेक्षा हे जास्त फसवं.

तेव्हा किनाऱ्यावर सोडण्याआधीच्या सूचनांत नुसता विनिमय दर सांगून भागणार नाही. मेसमध्ये खऱ्या नोटा हातोहात फिरवाव्यात. १०० रुपयांचे, ५०० रुपयांचे तिथले किती, एवढे दोनच आकडे पाठ करून घ्यावेत. मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात, आणि देताना रक्कम मोठ्यानं म्हणत नोट मोजावी. पैसे बदलायचे ते एका दिवसाच्या खर्चापुरते. उरलेले डाँग तर नौकेवर परत नेणाऱ्या शेवटच्या लिबर्टी बोटीत चढण्याआधीच मोडावेत; व्हिएतनामबाहेर ते घेणारा सहसा भेटत नाही, भेटलाच तर दर पाडून मागतो.

– एक वाचक, वास्को (गोवा)